डॉ. सालाझार : चरित्र व बोध

जळगावहून आगगाडीने सुरतेस जाऊन दक्षिणेकडे वळले म्हणजे वापी स्टेशन लागते. तेथून समुद्राच्या बाजूस दमण व आतल्या बाजूस दादरा-नगरहवेली. खानदेशापासून फारशा दूर नसलेल्या या मुलखावर भारत स्वतंत्र झाल्यानंतरही पोर्तुगालचा अंमल होता : दादरा-नगरहवेलीवर १९५४ पर्यंत, दमण व गोव्यावर १९६१ पर्यंत. या सर्व काळात पोर्तुगालचे पंतप्रधान होते डॉ. अंतोनियो द ओलिव्हेरा सालाझार. त्यांच्याविषयी आजही परस्परविरोधी मते ऐकू येतात. म्हणूनच त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटते.

सालाझार यांचा जन्म २८ एप्रिल १८८९ रोजी विमिएरो नामक खेड्यात झाला. वडील एका जमीनदाराचे कारभारी होते. मुलाने प्रथम विझेऊ येथील धर्मविद्यालयात आठ वर्षे शिक्षण घेतले. परंतु धर्मोपदेशक न होता कोइंब्रा विद्यापीठात कायद्याचा अभ्यास केला व तेथेच अर्थशास्त्राचे अध्यापन पत्करले. १९१० साली पोर्तुगालातील राजसत्ता गेली होती. त्यानंतरच्या सोळा वर्षांत चाळीसहून अधिक मंत्रिमंडळे आली आणि गेली. खजिन्यात खडखडाट होता. १९२६ साली लष्कराने सत्ता घेतली व १९२८ साली या प्राध्यापकास अर्थमंत्री नेमले. प्रत्येक खात्याच्या खर्चावर आपला ताबा राहील, ही अट घालूनच त्यांनी पद स्वीकारले आणि पहिल्याच वर्षी तुटीचा जमाखर्च शिलकीत आणला. १९३२ साली ते पंतप्रधान झाले व १९६८ पर्यंत त्या पदावर राहिले. ते अविवाहित होते. राहणी साधी होती. सत्तेचा उपयोग करून त्यांनी स्वतःचे घर भरले नाही. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी आपला देश तटस्थ ठेवला. हे गुण नाकारण्याचे कारण नाही.

तथापि चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९३३ च्या राज्यघटनेने त्यांच्या हाती जवळजवळ अनियंत्रित सत्ता आली. वृत्तपत्रांवर तपासनीस बसले, गुप्त पोलिसांचे जाळे पसरले, आणि विरोधकांसाठी केप व्हर्द बेटांत ताराफाल येथे बंदिशाळा उघडली गेली. अशा राज्यात 'नाही' म्हणणाऱ्यांचे काय झाले?

१९४० साली फ्रान्समधील बोर्दो शहरी आरिस्तिदेस द सौझा मेंदेस हे पोर्तुगालचे वकील होते. हिटलरच्या सैन्यापुढून पळणाऱ्या हजारो निर्वासितांना, ज्यांत यहुदी पुष्कळ होते, त्यांनी सरकारचा हुकूम मोडून प्रवेशपत्रे दिली. त्याबद्दल त्यांची नोकरी बुडाली व १९५४ साली दारिद्र्यात त्यांचा अंत झाला. १९५८ साली जनरल देल्गादो यांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत राजवटीस आव्हान दिले. पुढे गुप्त पोलिसांनी त्यांना १९६५ साली स्पेनमध्ये ठार मारले.

गोमंतकातही हेच घडले. डॉ. राममनोहर लोहिया यांनी १८ जून १९४६ रोजी मडगावी सभाबंदी मोडली. त्या चळवळीतील अग्रणी त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना पकडून पोर्तुगालमधील पेनिश किल्ल्यात डांबण्यात आले. गोवा हा पोर्तुगालचाच भाग व ख्रिस्ती संस्कृतीचे ठाणे आहे, असे सालाझार जगास सांगत; परंतु कुन्हा स्वतः ख्रिस्ती घराण्यातलेच होते! १९५८ साली ते मुंबईत वारले. गोवा मुक्त झालेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसहून अधिक जण प्राणांस मुकले.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य सरहद्दीवर येताच सालाझार यांनी गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांना तार केली. शरणागती पत्करू नये, सैनिकांनी जिंकावे अथवा मरावे, असा तिचा आशय होता. गव्हर्नरांनी व्यर्थ रक्तपात टाळून १९ डिसेंबरला शरणागती लिहून दिली. पुढे त्यांनाही सैन्यातून काढून टाकण्यात आले.

१९६८ साली मेंदूच्या आजाराने सालाझार अंथरुणास खिळले व त्यांच्या जागी दुसरे पंतप्रधान आले. परंतु ही वार्ता त्यांस कोणी कळविली नाही आणि २७ जुलै १९७० रोजी मृत्यू येईपर्यंत आपणच पंतप्रधान आहोत असे ते समजत होते, असे सांगतात. ज्यांनी छत्तीस वर्षे इतरांना सत्य बोलू दिले नाही, त्यांना शेवटी सत्य सांगणारा कोणी उरला नाही. २५ एप्रिल १९७४ रोजी त्यांची राजवट कोसळली आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे स्वामित्व मान्य केले.

इतके होऊनही २००७ साली पोर्तुगालमधील दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात प्रेक्षकांनी सालाझार यांनाच थोर पोर्तुगीजांत पहिला क्रमांक दिला. शिस्तीची ओढ अशी विलक्षण असते. आपल्याकडेही 'देशाला एक कडक माणूस पाहिजे' हे उद्गार घरोघरी ऐकू येतात. सुज्ञ पालकांस आमची विनंती आहे की, मुलांसमोर असे बोलण्यापूर्वी क्षणभर थांबावे. आणि विद्यार्थ्यांनी कोणत्याही राज्यकर्त्याचे चरित्र वाचताना जमाखर्चाची वही अवश्य तपासावी, परंतु त्याच्या तुरुंगाचे नोंदपुस्तकही उघडून पाहावे.