काळ्या आईची प्रकृती : एक अभ्यास

— द्वितीय वर्ष कला

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेली आहे. आज तिचा क्रम उलटा झाला आहे. माझ्यासारख्या पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या मुलाला घरचे लोक शिकायला पाठवतात, ते बहुधा त्याच्या नशिबी नांगर येऊ नये म्हणून. तेव्हा शेतीतून बाहेर पडण्यासाठी जो शिकतो, त्याच्या शिक्षणाचा शेतीला काही उपयोग आहे काय, असा प्रश्न मला गेली दोन वर्षे पडला आहे. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे वाचले, पाहिले आणि घरच्या दोन एकरांत करून पाहिले, ते प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे. मी कृषी शाखेचा विद्यार्थी नाही. त्यामुळे काही चुकल्यास जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

माती म्हणजे काय?

आपल्या गावगाड्यात वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ आणि पिकाच्या जमिनीला ‘काळी’ म्हणतात. ही काळी जमीन कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झाली. तिच्यात चिकणमातीचे प्रमाण जास्त असल्याने ती पाणी धरून ठेवते, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. वाहून जायला एक वळीव पुरतो.

माती म्हणजे केवळ दगडाचा भुगा नव्हे. चांगल्या मातीत साधारण निम्म्याहून थोडा कमी भाग खनिजांचा, पाव भाग हवेचा, पाव भाग पाण्याचा आणि उरलेला थोडासा, फार तर पाच टक्के भाग सेंद्रिय पदार्थांचा असतो. हा थोडासा भागच मातीचा प्राण आहे. गांडुळे, बुरशी आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जिवाणू त्यावर जगतात. मातीचे कण एकमेकांना धरून ठेवणे, पाणी मुरवणे, दिलेले खत पिकाला पचेल अशा रूपात पोचवणे ही सारी कामे त्यांच्यामुळे होतात. चार्ल्स डार्विन यांनी १८८१ साली गांडुळांवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. जीवसृष्टीचा एवढा मोठा अभ्यासक आयुष्याच्या अखेरीस गांडुळांकडे वळला, यावरून विषयाचे महत्त्व ध्यानात यावे.

दोन दुखणी

आमचे गाव कृष्णाकाठी, सांगली जिल्ह्यातील उसाच्या पट्ट्यात आहे. या भागातील जमिनीला आज दोन दुखणी जडलेली आहेत.

पहिले दुखणे सेंद्रिय कर्बाच्या घटीचे. माती परीक्षणात कर्बाचे प्रमाण ०.५० टक्क्यांच्या खाली असल्यास ते कमी, ०.५० ते ०.७५ पर्यंत मध्यम आणि त्याहून अधिक असल्यास जास्त समजतात. आपल्या उष्ण हवामानात सेंद्रिय पदार्थ लवकर जळून जातात, म्हणून ते वरचेवर मातीला परत द्यावे लागतात. पूर्वी दारात चार जनावरे आणि शेतात शेणखताच्या गाड्या असत. आता बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली, शेणखत विकत घ्यावे लागू लागले आणि उसामागून ऊस घेताना मातीला परत काही देण्याची रीत मोडली. उलट ऊस तुटला की पाचटाला काडी लावायची, हा आमच्याकडचा दरवर्षीचा कार्यक्रम होऊन बसला. काडी लावल्यावर पाचटातील कर्ब, नत्र आणि गंधकाचा बराचसा भाग धुराबरोबर उडून जातो आणि वरच्या थरातील जीवजंतू होरपळतात.

दुसरे दुखणे चोपणाचे. भारी काळ्या जमिनीत पाटाने वारेमाप पाणी दिले आणि निचऱ्याची सोय नसली की जमिनीखालील पाण्याची पातळी वर येते. कंदिलाची वात जसे तेल वर ओढते, तसे मातीचे सूक्ष्म कण हे पाणी वर ओढतात. पाण्याची वाफ होते आणि त्यातले क्षार वरच राहतात. अशी जमीन खारवट होते. पुढे सोडियमचे प्रमाण वाढले की चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, मातीची छिद्रे बुजतात आणि जमीन चोपण बनते. खारवट जमिनीची क्षारता ४ डेसिसायमन प्रतिमीटरच्या वर असते. चोपण जमिनीत सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांहून जास्त असतो. अशा जमिनीत पाऊस पडला तर पाणी दिवसच्या दिवस साचून राहते आणि वाळली की ती दगडासारखी टणक होते.

पत्रिका आली, वाचणारा नव्हता

केंद्र सरकारने १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे मृद आरोग्य पत्रिका योजना सुरू केली. या पत्रिकेत बारा गोष्टींची नोंद असते : नत्र, स्फुरद, पालाश व गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन, आणि सामू, क्षारता व सेंद्रिय कर्ब. आमच्या घरीही अशी एक पत्रिका आली होती. ती वडिलांनी घडी घालून देवाच्या तसबिरीमागे ठेवली होती. कागद सरकारी आहे, तेव्हा जपून ठेवावा, एवढाच त्यांचा हेतू. गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात माती परीक्षणावर व्याख्यान ऐकले आणि घरी जाऊन मी ती पत्रिका प्रथमच उघडली.

ती वाचताना एक गोष्ट लक्षात आली. योजनेच्या सुरुवातीच्या वर्षांत बागायती भागात दर अडीच हेक्टरांमागे आणि जिरायतीत दर दहा हेक्टरांमागे एक नमुना घेतला जात असे. अडीच हेक्टर म्हणजे सव्वासहा एकर. आमच्यासारखे दोन-दोन एकरांचे तीन शेतकरी एका नमुन्यात बसतात. तेव्हा पत्रिकेवर नाव आमचे असले, तरी माती आमच्याच वावरातली असेल याची खात्री नव्हती. योजना वाईट आहे असे म्हणण्याचा येथे उद्देश नाही. मात्र आपल्या दुखण्याचे निदान हवे असेल, तर नाडी आपलीच दाखवली पाहिजे.

म्हणून लागणीचा ऊस तुटल्यावर, खोडव्याला खत घालण्यापूर्वी, मी स्वतः नमुना घेतला. त्याची रीत सोपी आहे. शेतात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे, वीतभर म्हणजे २० ते २२ सेंटिमीटर खोल खड्डे घ्यावेत. खड्ड्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासून घमेल्यात गोळा करावी. बांध, झाडाची सावली, उकिरडा आणि पाण्याचा पाट या जागा टाळाव्यात. सर्व माती एकत्र मिसळून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत आणि अर्धा किलो उरेपर्यंत असे करीत जावे. खताच्या रिकाम्या पोत्यात माती भरू नये. जमीन वेगवेगळी दिसत असेल तर नमुनेही वेगवेगळे घ्यावेत.

मी दोन नमुने घेतले. मोठ्या तुकड्याचा सामू ८.२ आणि सेंद्रिय कर्ब ०.४१ टक्के निघाला. खालच्या अंगाच्या आठ गुंठ्यांत दोन वर्षांपासून ऊस पिवळा पडत होता. तेथील सामू ८.९ होता. अहवाल वाचून दाखवल्यावर वडील म्हणाले, “बी. ए. करतोयस नव्हं? मग मातीतलं तुला काय कळणार?” मला राग आला नाही. तीस वर्षे ज्या माणसाचे पाय त्या मातीत आहेत, त्याने कागदावर एकदम विश्वास का ठेवावा?

पूर्वसूरींचा विचार

माती आणि विद्या यांचा संबंध आपल्याकडे फार पूर्वी ओळखला गेला होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे सांगताना अविद्येइतकाच त्यांनी जमिनीच्या ऱ्हासाचाही विचार केला आहे. डोंगरावरून पावसाबरोबर वाहून येणारा पालापाचोळा आणि जनावरांचे शेणमूत शेतात मुरावे म्हणून सरकारने रिकाम्या शिपायांकरवी जागोजाग ताली-बंधारे घालून घ्यावेत, अशी त्यांची सूचना होती. पाणलोट क्षेत्र विकास हा शब्द जन्मण्यापूर्वी कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथील संस्थेचे प्रमुख होते. शेतातील काडीकचरा, शेण, माती आणि राख थरावर थर रचून खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ त्यांनी तेथे बसवली. भारतीय शेतकरी आणि पिकावरची कीड यांना ते आपले गुरू मानत. साहेब शिकवायला आला आणि शिकून गेला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

आपल्या दक्षिण महाराष्ट्रात तर श्रीपाद अच्युत दाभोलकर यांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. ते गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात प्रयोग करावा, नोंदी ठेवाव्यात, त्या इतरांना कळवाव्यात आणि इतरांचे अनुभव तपासून पाहावेत, अशी ही विद्यापीठाच्या भिंतींबाहेरची शाळा होती. तासगाव भागातील द्राक्षशेतीला तिचा मोठा आधार मिळाला. गणिताच्या माणसाला जर माती परकी वाटली नाही, तर कला शाखेच्या विद्यार्थ्याला ती का वाटावी?

वीस गुंठ्यांचा प्रयोग

बऱ्याच बोलाचालीनंतर वडिलांनी वीस गुंठ्यांतील पाचट न जाळण्याचे कबूल केले. उरलेले नेहमीप्रमाणे जाळले. पाचट न ठेवण्याची त्यांची कारणे खरी होती, हे येथे नमूद केले पाहिजे. पाचटात उंदीर होतात, सरीतून पाणी पुढे सरकत नाही, शेजारच्या फडाची ठिणगी पडली तर ऊस जळतो. पुस्तकात ही कारणे क्वचितच आढळतात.

एका हेक्टरमधून आठ ते दहा टन पाचट निघते. टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू वापरावेत, अशी शिफारस आहे. आमच्या वीस गुंठ्यांना दोन टन पाचट धरून १६ किलो युरिया, २० किलो सुपर फॉस्फेट आणि २ किलो जिवाणू लागले. युरिया देण्याचे कारण असे की, कुजवणाऱ्या जिवाणूंनाही नत्र लागते. ते न दिल्यास ते पिकाच्या तोंडचे नत्र उचलतात. बुडखे जमिनीलगत छाटून पाचट सरीत दाबले आणि पाणी दिले.

उन्हाळ्यात फरक दिसू लागला. जाळलेल्या भागातील माती तापून भेगाळली असताना पाचटाखालची माती मुठीत दाबली की तिचा लाडू होत होता. एप्रिल-मेमध्ये त्या भागाला पाण्याची एक पाळी कमी लागली. तणही कमी आले, त्यामुळे आईची भांगलणीची खेप वाचली. पावसाळ्यात पाचट उचलून पाहिले तर खाली गांडुळे सापडली. मात्र ऊस तुटताना दोन्ही भागांचा माल एकाच ट्रॉलीत भरला गेला, त्यामुळे उताऱ्यातील फरक मोजता आला नाही. ही माझ्या अभ्यासातील मोठी उणीव आहे.

शिवाय एका वर्षात कर्ब वाढला असेल, अशी आशाही बाळगू नये. एका हेक्टरवरील वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे २२ लाख किलो भरते. त्यात कर्ब एक दशांश टक्क्याने वाढवायचा तर २,२०० किलो कर्ब टिकून राहावा लागतो, आणि पाचटातील बहुतेक कर्ब कुजताना हवेत जातो. म्हणजे हे काम वर्षानुवर्षे नेटाने करण्याचे आहे.

एकट्याचे काम नव्हे

पाचटाचा प्रश्न एका घराने सोडवता येतो. चोपणाचा येत नाही. चोपण जमिनीत जिप्सम घातल्यास त्यातील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमला हुसकावून लावते. परंतु सुटलेला सोडियम पाण्याबरोबर बाहेर गेला पाहिजे. चर नसेल तर जिप्समचा पैसा मातीत गेला असेच समजावे. आमच्या आठ गुंठ्यांतून चर काढला, तर तो दोन शेजाऱ्यांच्या वावरांतून ओढ्यापर्यंत न्यावा लागतो. आणि त्या आठ गुंठ्यांत साचणारे पाणी वरच्या शेतांतून झिरपून येते. जमिनीखालच्या पाण्याला सातबारा कळत नाही, बांधही कळत नाही. म्हणून मातीचे आरोग्य ही मुळात गावकीची गोष्ट आहे.

या दिवाळीत मी दोन्ही शेजाऱ्यांना अहवाल वाचून दाखवला. एकाने त्याच वेळी आपल्याही शेताचा नमुना घ्यायला सांगितले. दुसरे आबा म्हणाले, “चर खणला तर माझं दोन गुंठं जाणार, त्याचं काय?” या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. चर बुजता पाइपाचा केला तर जमीन वाया जात नाही, हे खरे. पण त्याचा खर्च वाटून कसा घ्यायचा, हे अजून ठरायचे आहे.

आपण काय करू शकतो?

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा व शिका’चा मार्ग दाखवला. हातातले पुस्तक आणि हातातले खोरे यांत त्यांनी अंतर मानले नाही. त्याच वाटेने आपल्यालाही काही करता येईल. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पाचट जाळणे व कुजवणे यांचा खर्च-हिशेब मांडावा. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील पाणथळ व चोपण भागांचे नकाशे काढावेत. मराठीच्या विद्यार्थ्यांनी मुरमाड, मळईची, चिबड, खारवट, चोपण अशा शब्दांचा संग्रह करावा, कारण या शब्दांत पिढ्यान्पिढ्यांचे परीक्षण साठलेले आहे. आणि प्रत्येकाने निदान आपल्या घरची पत्रिका तसबिरीमागून काढून मोठ्याने वाचून दाखवावी.

समारोप

शिकलेला मुलगा शेतात राबेलच असे नाही. मीही पुढे नोकरी शोधणार आहे. घरच्यांची तीच इच्छा आहे. परंतु ज्या मातीने आपली फी भरली, तिची प्रकृती कशी आहे एवढे तरी आपल्याला वाचता आले पाहिजे. या जानेवारीत आमचा खोडवा तुटला. रिवाजाप्रमाणे त्या संध्याकाळी शिवारात जागोजाग धूर दिसत होता. आमच्या दोन एकरांत मात्र वडिलांनी काडी लावली नाही. मला त्यांनी काही सांगितले नाही, फक्त विचारले, “ते जिवाणूंचं पाकीट कुठं मिळतंय म्हणालास?”