ओलावामापकाचा आकडा आणि जमिनीतील खरा ओलावा

पिकास पाणी केव्हा द्यावे, हे शेतकरी आजवर मातीची मूठ आवळून ठरवीत आला आहे. आता काही शेतांत ओलावामापक यंत्रे बसविली जात आहेत. यंत्राचा आकडा चुकीचा समजून पाण्याची पाळी लांबविली, तर ऐन फुलोऱ्यात पिकास ताण बसतो. उलटपक्षी गरज नसता पाणी दिल्यास भारी जमिनीत मुळ्या गुदमरतात. म्हणून हा आकडा कोठून येतो, हे कार्यकर्त्यांनी प्रथम समजून घ्यावे.

विद्युतदाबाचा अंक कसा होतो

विद्युतभार साठविण्यास साहाय्य करण्याचा गुण कोरड्या मातीत सुमारे ३ ते ५, तर पाण्यात सुमारे ८० असतो. जमिनीत खोचलेली पट्टी हा फरक ओळखते व त्याप्रमाणे विद्युतदाब कमीअधिक करते. प्रचारातील स्वस्त पट्ट्यांत ओल वाढली की दाब उतरतो. हा दाब अखंड बदलणारा असतो. संगणकास मात्र अंकच कळतात. दाबाचे अंक करणाऱ्या भागास परिवर्तक म्हणतात.

संगणकाची कार्यप्रणाली काय करते

परिवर्तक नाना प्रकारचे असतात व प्रत्येकाची अंक देण्याची रीत निराळी असते. त्यांत एकसूत्रीपणा यावा म्हणून लिनक्स या कार्यप्रणालीत ‘इंडस्ट्रियल आय-ओ’ नावाची व्यवस्था आहे. जोनाथन कॅमेरॉन यांनी उभारलेली ही व्यवस्था २००९ साली लिनक्सच्या प्रायोगिक भागात आली. तीत मुख्यतः दोन गोष्टी वाचावयास मिळतात : ‘रॉ’ म्हणजे कच्चा अंक आणि ‘स्केल’ म्हणजे गुणक. दोहोंचा गुणाकार केला की विद्युतदाब मिलिव्होल्टमध्ये मिळतो. काही परिवर्तकांत ‘ऑफसेट’ हा तिसरा अंकही असतो; तो गुणाकारापूर्वी कच्च्या अंकात मिळवावा.

उदाहरणार्थ, ‘एडीएस १११५’ हा १६ बिटांचा परिवर्तक ४.०९६ व्होल्टच्या मर्यादेवर ठेवल्यास गुणक ०.१२५ असतो. कच्चा अंक १६,००० आला, तर दाब २,००० मिलिव्होल्ट झाला. मर्यादा २.०४८ व्होल्ट केल्यास गुणक ०.०६२५ होतो आणि त्याच मातीत कच्चा अंक ३२,००० येतो. माती बदलली नाही, ओल बदलली नाही. अंक मात्र दुप्पट झाला. यास्तव दोन शेतांचे कच्चे अंक कधीही ताडून पाहू नयेत.

ओलाव्याचे कोष्टक स्वतः तयार करावे

कार्यप्रणाली विद्युतदाबापर्यंत आणून सोडते. त्या दाबास आपल्या शेतात किती ओल असते, हे तिला ठाऊक नसते. त्यासाठी पुढीलप्रमाणे करावे :

१. पाणी दिल्यानंतर वाफसा आल्यावर, पुढे काही दिवसांच्या अंतराने आणि पाळी देण्यापूर्वी, असा निदान तीन वेळा दाब टिपावा.

२. प्रत्येक वेळी पट्टीजवळून, तेवढ्याच खोलीवरून मातीचा नमुना घेऊन लगेच वजन करावे. मग तो १०५ अंश सेल्सिअसवर २४ तास वाळवून पुन्हा वजन करावे.

३. दोन वजनांतील फरकास वाळलेल्या मातीच्या वजनाने भागून १०० ने गुणावे. ओली माती १२५ ग्रॅम व वाळलेली १०० ग्रॅम भरल्यास ओलावा २५ टक्के होय.

४. दाब व ओलावा यांचे कोष्टक वहीत लिहावे. मुरमाड जमिनीचे कोष्टक काळ्या जमिनीस लावू नये.

काळ्या जमिनीत आणखी एक दक्षता हवी. वाळताना तीस भेगा पडतात व पट्टीभोवती पोकळी राहते. हवेत हा गुण केवळ १ असल्याने यंत्र फाजील कोरडेपणा दाखविते. अशा वेळी पट्टी काढून भेग नसलेल्या जागी घट्ट बसवावी.

गुणक पाहून दाब काढावा आणि कोष्टक पाहून ओलावा ठरवावा. आकड्याविषयी शंका आल्यास खुरप्याने माती उकरून पाहण्यास कोणीही संकोच करू नये.