बर्फाशी न झगडणारे जहाज

सीताफळाची ओली बी चिमटीत धरून दाबली तर काय होते, हे तुम्हांला चांगलेच ठाऊक आहे. बी फुटत नाही. सटकन निसटून उडते. या एवढ्याशा गोष्टीवर भरवसा ठेवून तेरा माणसे तीन वर्षे उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात राहिली, असे सांगितले तर खरे वाटेल का? त्यांचे जहाज मी नॉर्वेच्या राजधानीत, ऑस्लो येथे, पाहिले.

त्याचे नाव 'फ्राम', म्हणजे 'पुढे'. १९३६ साली उघडलेल्या 'फ्राम' संग्रहालयाची इमारत या जहाजाभोवतीच बांधलेली आहे. उतरत्या छपरामुळे ती बाहेरून तंबूसारखी दिसते. आत शिरताच लाकडी नाळ अंगावर आल्यासारखी वाटते. जहाजावर चढता येते, खालच्या खोल्यांतही जाता येते. पण मी बराच वेळ खालीच उभा राहून त्याचे पोट न्याहाळत होतो. लांबी ३९ मीटर आणि रुंदी ११ मीटर! डौलदार म्हणवत नाही. आडवा छेद घेतला तर नारळाची करवंटीच.

हा आकार मुद्दाम दिलेला होता. १८८१ साली 'जॅनेट' हे अमेरिकन जहाज सैबेरियाच्या उत्तरेस बर्फात चिरडून बुडाले. तीन वर्षांनी त्यावरील काही वस्तू ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सापडल्याची बातमी फ्रित्याफ नान्सेन या तरुण नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने वाचली. वस्तू एवढ्या दूर गेल्या, त्या अर्थी ध्रुवप्रदेशातून बर्फ वाहत असले पाहिजे. मग जहाज मुद्दामच बर्फात अडकवून वाहत का नेऊ नये? अनेक अनुभवी ध्रुवप्रवाशांनी ही कल्पना वेडेपणाची ठरवली. त्यांचे चुकले असे मला म्हणवत नाही. बर्फाने चिरडलेली जहाजे त्यांना माहीत होती.

नान्सेनने कॉलिन आर्चर या कुशल जहाजबांधकाकडून १८९२ मध्ये 'फ्राम' बांधून घेतले. त्याच्या बाजू जाड होत्या, आतून भक्कम टेकूही दिलेले होते. पण नुसत्या जाडीने भागणार नव्हते.

आता वहीत आकृती काढा. जहाजाची बाजू अगदी उभी असेल, तर बर्फाचे आडवे बल सगळेच्या सगळे तिला चिरडण्यात खर्च होते. बाजू वरच्या अंगाला बाहेर झुकलेली असेल, तर बर्फाचा दाब पृष्ठभागाला लंब असतो आणि त्याचा एक घटक वरच्या दिशेने मिळतो. समजा, बाजू उभ्या रेषेशी ३० अंशांचा कोन करते आणि दोन्हीकडून बर्फ १०० टनांच्या आडव्या बलाने दाबते. घर्षण तूर्त सोडून दिले, तर वर उचलणारे बल २ × १०० × टॅन ३०, म्हणजे सुमारे ११५ टन येते. बर्फ दुप्पट जोराने दाबू लागले की उचलणारे बलही दुप्पट होते. म्हणजे शत्रूचेच बळ आपल्या कामी!

घर्षण मात्र या उचलण्याला विरोध करते. म्हणून बाहेरून ग्रीनहार्ट या अत्यंत टणक लाकडाचे आवरण घालून बाजू गुळगुळीत ठेवल्या होत्या. बर्फाला पकडायला काही मिळू नये म्हणून सुकाणू आणि मळसूत्रही वर ओढून घेता येत असे. या गोल पोटाची किंमत खुल्या समुद्रात मोजावी लागली: जहाज इतके डोलत असे की दर्यावर्दींनाही मळमळे.

सप्टेंबर १८९३ मध्ये 'फ्राम' बर्फात गोठले. खरी परीक्षा झाली जानेवारी १८९५ मध्ये. बर्फाचा एक प्रचंड ढीग सरकत सरकत जहाजाच्या डाव्या बाजूवर चढला. अन्नसामग्री बाहेर बर्फावर नेऊन ठेवली, माणसे कपड्यांनिशीच झोपू लागली. जवळ दुसरे जहाज नाही, जमीन तर शेकडो किलोमीटर दूर! अखेर 'फ्राम' बर्फातून सुटून वर उचलले गेले. बी चिमटीतून निसटली होती.

या प्रवासातील निरीक्षणेही मोलाची ठरली. समुद्र उथळ असेल या समजुतीने नेलेली खोली मोजण्याची दोरी पुरेना. तेव्हा पोलादी दोरखंड उलगडून त्याच्या तारांची नवी दोरी वळावी लागली. खोली ३,००० मीटरहून अधिक निघाली. आणखी एक गोष्ट नान्सेनच्या ध्यानात आली. बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ न जाता २० ते ४० अंश उजवीकडे सरकत होते. हा पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम असावा, असे त्याने ओळखले. पुढे एकमन या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्याचे गणित मांडले. सागरविज्ञानाच्या पुस्तकांत आज ते 'एकमन सर्पिल' म्हणून शिकवले जाते.

१८९६ च्या ऑगस्टमध्ये 'फ्राम' बर्फातून मोकळे झाले. प्रत्यक्ष ध्रुव काही त्याला गाठता आला नाही. पण तेराही माणसे सुखरूप घरी पोहोचली.

जाता जाता एक उदाहरण सोडवा. बर्फ आणि लाकूड यांमधील घर्षणांक ०.२ धरला, तर जहाज वर सरकण्यासाठी बाजूने उभ्या रेषेशी निदान किती अंशांचा कोन केला पाहिजे? वर्गात पडताळा घ्यायचा असेल, तर साबणाच्या वडीच्या दोन कडा तिरक्या तासून पाचर करा आणि निमुळती बाजू खाली ठेवून ती दोन गुळगुळीत फळ्यांमध्ये दाबा. आधी कोरडी, मग ओली.