माणूस मोजताना : मानसशास्त्र आणि मनुष्यबळ व्यवस्थापन यांचा जोड-अभ्यास

‘मानसशास्त्र घेऊन पुढे करणार काय?’ हा प्रश्न कला शाखेतील विद्यार्थ्याला घरच्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळेच विचारतात. उलट वाणिज्य शाखेतील मित्र म्हणतात, ‘मनुष्यबळ व्यवस्थापनाला मानसशास्त्र कशाला हवे? कामगार कायदे आणि पगारपत्रक आले की झाले!’ मी मानसशास्त्रात एम. ए. करीत आहे आणि त्याच जोडीला मनुष्यबळ व्यवस्थापनाचा पदविका अभ्यासक्रमही. सकाळी एक वही, संध्याकाळी दुसरी. या दोन वह्या शेजारी ठेवून वाचल्या की काय दिसते, ते प्रस्तुत लेखात मांडण्याचा विचार आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : व्यवस्थापनशास्त्र माणसांविषयी निर्णय घ्यायला शिकवते आणि मानसशास्त्र त्या निर्णयामागचा पुरावा तपासायला शिकवते. या दोहोंची फारकत झाली तर नुकसान होते ते तिसऱ्याचेच. ज्याच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे त्या उमेदवाराचे किंवा कामगाराचे.

नाते जुनेच आहे

विल्हेल्म वुंट यांनी 1879 मध्ये लाइपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली. त्यांचेच शिष्य ह्यूगो म्युन्स्टरबर्ग पुढे अमेरिकेत गेले आणि ट्रामचालकांची निवड करण्यासाठी त्यांनी अवधानाच्या कसोट्या तयार केल्या. औद्योगिक कार्यक्षमता आणि मानसशास्त्र यांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक 1913 चे. त्याच्या दोनच वर्षे आधी, 1911 मध्ये, फ्रेडरिक टेलर यांचे शास्त्रीय व्यवस्थापनावरील पुस्तक आले होते. टेलर यांनी कामाचे तुकडे पाडून घड्याळ लावले, तर म्युन्स्टरबर्ग यांनी ते काम करणाऱ्या माणसाकडे पाहिले. आपल्याकडे 1975 च्या सुमारास उदय पारीक आणि टी. व्ही. राव या दोन अभ्यासकांच्या शिफारशींवरून लार्सन अँड टुब्रो कंपनीत मनुष्यबळ विकासाची स्वतंत्र व्यवस्था उभी राहिली. यांतील पारीक हे मुळात मानसशास्त्राचे अभ्यासक होते, ही गोष्ट वाणिज्य शाखेतील मित्रांनी ध्यानात घ्यावी.

एकच प्रयोग, दोन वह्या

शिकागोजवळील हॉथॉर्न कारखान्यात 1924 ते 1932 या काळात झालेले प्रयोग दोन्ही अभ्यासक्रमांत येतात. व्यवस्थापनाच्या वहीत सारांश असा : प्रकाश वाढवला तरी उत्पादन वाढले, कमी केला तरी वाढले, सबब कामगाराकडे आस्थेने लक्ष दिले की तो अधिक काम करतो. गोष्ट मोठी सुटसुटीत आहे आणि परीक्षेत लिहायलाही सोपी.

मानसशास्त्राच्या तासाला मात्र हाच प्रयोग वेगळ्या रीतीने हाताळला जातो. तुलनेसाठी नियंत्रित गट होता काय? एका वेळी एकच घटक बदलला होता काय? सुटे भाग जोडणाऱ्या पाच मुलींच्या ज्या गटाचे एवढे नाव झाले, त्यातील दोघींना 1928 च्या जानेवारीत बदलण्यात आले होते. त्या फार बोलतात आणि त्यांचे काम समाधानकारक नाही, अशी तक्रार होती. मग नंतर वाढलेले उत्पादन आपुलकीमुळे वाढले, की बदललेल्या माणसांमुळे, की वेतनाच्या नव्या पद्धतीमुळे? पुढच्या काळातील संशोधकांनी प्रकाशविषयक मूळ आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा तो परिणाम पाठ्यपुस्तकात दिसतो तितका ठळक नसल्याचे आढळले.

याचा अर्थ कामगाराशी आपुलकीने वागू नये असा नव्हे. आपुलकी ही माणुसकी म्हणून हवीच. तिला उत्पादनवाढीचे साधन म्हणायचे असेल, तर मात्र पुरावा द्यावा लागतो.

मुलाखत म्हणजे काय मोजणे?

नोकरी देताना मुलाखत बहुधा सगळीकडेच घेतली जाते. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्ये एक दोष दाखवून दिला. वरिष्ठ जेव्हा हाताखालच्या माणसांना गुण देतात, तेव्हा एका गुणाची छाप बाकीच्या गुणांवर पडते. रुबाबदार दिसणारा बुद्धिमान वाटतो, चटपटीत बोलणारा प्रामाणिक वाटतो. याला वलय-परिणाम म्हणतात.

कोणतीही कसोटी दोन निकषांवर तपासावी लागते. पहिला निकष विश्वसनीयतेचा : तोच माणूस पुन्हा तपासला तर साधारण तोच निकाल येतो का? दुसरा सप्रमाणतेचा : जे मोजतो असे आपण म्हणतो, तेच आपण मोजतो आहोत का? निवडीच्या बाबतीत सप्रमाणता पाहण्याचा सरळ मार्ग म्हणजे निवडीच्या वेळचे गुण आणि पुढे प्रत्यक्ष कामात दिसलेली कुवत यांचा सहसंबंध काढणे. पूर्ण मेळ असेल तर तो 1 येतो आणि काहीच मेळ नसेल तर 0. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित फेरविचार केला. त्यात सर्वांना तेच, आधी ठरवलेले प्रश्न विचारणाऱ्या मुलाखतीचा सहसंबंध सुमारे 0.42 आला, तर मनाला येईल ते विचारणाऱ्या मुलाखतीचा सुमारे 0.19.

या दोन आकड्यांतून दोन धडे मिळतात. पहिला, प्रश्न आधी ठरवून घेण्याचा थोडासा खटाटोप केला तर निवड पुष्कळ सुधारते. त्याला पैसे लागत नाहीत. दुसरा, चांगली पद्धतही 1 पासून बरीच दूर राहते. म्हणून ‘मी माणूस पाहताक्षणी ओळखतो’ असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती निवड सोपवताना विचार करावा.

भाषेचा प्रश्न

आता आपल्या भागाला थेट भिडणारा मुद्दा. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकी सैन्यासाठी ‘आल्फा’ आणि ‘बीटा’ अशा दोन बुद्धिमापन कसोट्या तयार झाल्या. सुमारे 17 लाख माणसे त्यांतून गेली. निरक्षरांसाठी आणि इंग्रजी न येणाऱ्यांसाठी बीटा ही चित्रांची कसोटी होती. पण त्या चित्रांत टेनिसच्या मैदानावर जाळी नाही, ग्रामोफोनला कर्णा नाही, अशा उणिवा ओळखायच्या होत्या. ज्याने जन्मात टेनिस पाहिले नाही त्याने काय ओळखावे? अक्षरे काढून टाकली, तरी अनुभवाची भाषा कसोटीत राहिलीच होती.

आपल्याकडे हा प्रश्न लवकर ओळखला गेला, याचा अभिमान वाटतो. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन श्रेणीचे कन्नड आणि मराठी मुलांसाठी रूपांतर केले. त्यांचे त्यावरील इंग्रजी पुस्तक 1940 मध्ये प्रसिद्ध झाले. बिने-कामत चाचणी या नावाने ती देशभरच्या मानसशास्त्र विभागांत ओळखली जाते. तिची प्रमाणके जुनी झाली असल्याने ती जपून वापरावी लागते, हे खरे. पण मुलाला त्याच्या भाषेत विचारल्याशिवाय त्याच्या बुद्धीविषयी बोलू नये, हे तत्त्व जुने झालेले नाही. या अंकाचे मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. त्या चाचणीचेही तेच दोन विभाग होते!

प्रकल्पाच्या निमित्ताने मी बेळगाव परिसरातील एका फाउंड्रीत काही दिवस जात होते. तेथे सुपरवायझरच्या जागेसाठी लेखी परीक्षा झाली. प्रश्नपत्रिका इंग्रजीत होती आणि निम्मे प्रश्न शब्दार्थांचे. वीस वर्षे मोल्डिंग करणारे एक काका वाळू मुठीत दाबून तिच्यात पाणी किती आहे ते सांगत, आणि कास्टिंग कुठे फसणार हे साचा पाहून ओळखत. घरी मराठी, कामावर कन्नड, गिऱ्हाईक आले तर मोडकी हिंदी, अशा तीन भाषा ते बोलत. त्यांनी निम्मा कागद कोरा दिला. ‘बाई, मला काम येतं, पेपर येत नाही,’ एवढेच ते मला म्हणाले. त्या कागदाने त्यांची सुपरवायझर होण्याची लायकी मोजली, असे कोणत्या आधारावर म्हणायचे? तेथील अधिकाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. सर्वांना एकच पेपर म्हणजे न्याय, अशी त्यांची समजूत होती. त्या जागेच्या कामाचे विश्लेषण आधी केले असते, तर त्या कामाला इंग्रजी किती लागते आणि वाळूची जाण किती लागते, हे कागदावर आले असते आणि परीक्षाही त्याप्रमाणे बेतता आली असती.

दोष माणसात की मांडणीत?

मानसशास्त्रालाही व्यवस्थापनाकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. अडचण दिसली की ती व्यक्तीच्या मनात शोधायची, ही आम्हा मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांची सवय. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग बसवूनही अपेक्षित उत्पादन येत नव्हते. 1953 मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तेथे आले. प्रत्येक कामगाराला कामाचा एक तुकडा नेमून दिलेला होता. कोण कोणाबरोबर काम करतो याचा पत्ता नव्हता. ठराविक मागांची जबाबदारी एका छोट्या गटाने मिळून घ्यावी अशी मांडणी झाली, आणि कामगारांनी स्वतःच आपापले गट जमवले. उत्पादन वाढले आणि कापडाची खराबी घटली. माणसे तीच होती, बदलली ती कामाची मांडणी. ‘हा कामगार आळशी आहे’ असे लिहिण्यापूर्वी त्याचे काम कसे लावले आहे हे पाहावे, एवढे यातून शिकावे.

विद्यार्थ्यांसाठी थोडेसे

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये दोन पूर्णवेळ अभ्यासक्रम एकाच वेळी करण्यास वाट मोकळी केली. दोन्ही वर्गात बसून करायचे असतील, तर तासांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. आपल्या विद्यापीठाने ही सोय स्वीकारली आहे का, याची चौकशी प्रवेशापूर्वी कार्यालयात करावी. असा जोड-अभ्यास करणाऱ्यांनी संख्याशास्त्राला भिऊ नये. दोन्ही वह्यांना सांधणारा दोरा तोच आहे. सुट्टीत ओळखीच्या एखाद्या कामाचे, मग ते बसच्या कंडक्टरचे असो वा बँकेतल्या कारकुनाचे, विश्लेषण स्वतः लिहून पाहावे. आणि मराठी-कन्नड दोन्ही येणाऱ्यांनी आपले हे भांडवल कमी लेखू नये. एखादी प्रश्नावली मराठीत करायची, दुसऱ्याकडून ती परत मूळ भाषेत आणवायची आणि अर्थ कुठे निसटला ते पाहायचे, हे काम आपल्या वर्गातही करता येईल.

उद्या आपल्यापैकी काहीजण टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर बसतील आणि समोर अर्ज घेऊन कोणीतरी उभा असेल. त्याला गुण देण्यापूर्वी ‘मी नेमके काय मोजतो आहे?’ हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लागली, तर दोन वह्यांचे ओझे वाहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.