आधी काचेवरचा बाण पाहा

हेडलाइट गेला की बल्ब बदलायचा, हा हिशेब महागड्या गाड्यांच्या बाबतीत केव्हाच संपला. 2013 साली ऑडीने ए8 मध्ये मॅट्रिक्स एलईडी आणला, तेव्हा एकेका हेडलाइटमध्ये नुसत्या अपरसाठी 25 एलईडी होते. समोरून येणारी गाडी कॅमेऱ्याला दिसली की तेवढ्या भागातले विझत. अशा दिव्याला स्वतःचा छोटा संगणक असतो, आणि गाडीने त्याला ओळखावं लागतं. प्रताप नगरात राहून जर्मन गाडी वापरताना मला हे महागात कळलं, म्हणून सविस्तर लिहितो.

उमरेड रोडवर रात्री रानडुक्कर आडवं आलं आणि डावा हेडलाइट फुटला. सर्व्हिस सेंटरने सांगितलेली किंमत लाखाच्या वर होती. एका गॅरेजवाल्याने जुना पण ओरिजिनल दिवा बराच स्वस्तात मागवून दिला. तो पेटला, पण डॅशबोर्डवर एरर आली आणि वळणावर दिवा वळेना. गॅरेजमधला पोरगा म्हणाला, "भाऊ, लाइट तं बसला, पण गाडी त्याले वळखतच नाही." मग लॅपटॉपवाला आला, कोडिंग झालं, एरर गेली.

खरी गडबड त्यानंतर उघडी पडली. रिंग रोडवर मी डिपरवर असतानाही समोरचे सारखे अपर मारत होते. एक दुचाकीवाला तर डोळ्यांवर हात धरून थांबलाच. मागे लहान मूल बसलेलं होतं. घरी येऊन कंपाउंडच्या भिंतीवर प्रकाश पाडला. उजव्या दिव्याची कड डावीकडे वर चढत होती, नव्या बसवलेल्या डाव्या दिव्याची उजवीकडे. तो दिवा उजव्या बाजूने गाड्या चालवणाऱ्या देशातला होता. विकणाऱ्याने तो परत घेतला नाही.

आपल्याकडे डिपरचा प्रकाश डावीकडे मुद्दाम वर चढवलेला असतो, म्हणजे रस्त्याची कड, पायी चालणारा, फलक दिसतो. उजवीकडे तो खाली दाबलेला असतो. उलटा दिवा बसला की तो चढ थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या 106 व्या नियमात याचं माप दिलेलं आहे: दिव्यापासून 8 मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्यांना चकाकी येता कामा नये. दुचाकीवाल्याचे डोळे साधारण त्याच उंचीवर असतात.

ही फसगत पैसे देण्याआधीच टाळता येते. हेडलाइटच्या काचेवर गोलात 'ई' आणि आकडा असतो, त्याजवळ बाण शोधा. दिव्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर बाण आपल्या उजव्या हाताकडे असेल, तर तो डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीचा, म्हणजे आपल्या कामाचा. दोन्ही टोकांचा बाण असेल तर दोन्हीकडे चालतो, फक्त तसं सेटिंग करून घ्यावं लागतं. गोलातला 'ई' आहे पण बाणच नाही, तर तो दिवा उजवीकडच्या वाहतुकीचा, घेऊ नका. शिवाय पार्ट नंबर आपल्या सतरा अक्षरांच्या चासी नंबरवरून जुळवून घ्या, फोटोवरून नव्हे.

कोडिंग कोण करणार, हे दिवा मागवण्याआधी ठरवा. काही गाड्यांत ते कंपनीच्या सर्व्हरला जोडल्याशिवाय होत नाही. मर्सिडीजमध्ये त्याला एससीएन कोडिंग म्हणतात. काम चालू असताना बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा चार्जर लावलेला हवाच. मध्येच व्होल्टेज पडलं तर मॉड्यूल, म्हणजे दिव्याचा तो छोटा संगणक, कायमचं बंद पडू शकतं. आणि कोडिंग झालं म्हणजे दिवा सरळ झाला, असं नाही. टायरची हवा बरोबर, जमीन सपाट, गाडीत जादा सामान नाही, अशा स्थितीत यंत्रावर दिव्याचा कोन लावून शून्य स्थिती गाडीत नोंदवावी लागते. झुकाव बहुधा दिव्यावर किंवा बॉनेटखाली छापलेला असतो; 1 टक्का म्हणजे 10 मीटरवर 10 सेंटिमीटर खाली. सस्पेन्शनचं काम केलं तरी हे पुन्हा तपासा, कारण उंची मोजणारे सेन्सर तिथेच असतात.

विम्यातून करायचं असेल तर सर्व्हेअर येईपर्यंत दिवा काढू नका. झिरो डेप नसेल तर प्लॅस्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो.

काही वेळा अख्खा दिवा बदलावा लागतही नाही. पावसाळ्यात काचेच्या आत आलेली हलकी वाफ गाडी चालवल्यावर जात असेल तर घाबरू नका. तळाशी पाणी साचत असेल, तर मात्र तिथे बसवलेलं मॉड्यूल आधी तपासून घ्या. बऱ्याच गाड्यांत ते वेगळं मिळतं. फुटलेला दिवाही लगेच भंगारात देऊ नका. त्याचं मॉड्यूल शाबूत असेल, तर ते त्याच पार्ट नंबरच्या दुसऱ्या दिव्याला लावता येतं, आणि गाडी त्याला आधीपासून ओळखत असल्यामुळे कोडिंगचा खर्च बहुतेक वेळा वाचतो.