आयर्लंडच्या मातीने जपलेली ख्रिस्तसभा

संत पॅट्रिक, संत ब्रिजिट, संत कोलंबा ही आयर्लंडच्या संतांची नावे आपल्या परिचयाची आहेत. त्यांची चरित्रे वाचताना चमत्कार भेटतात, राजे भेटतात, मठाधिपती भेटतात. परंतु त्या काळचा साधा भाविक कसा जगत होता, मठातील बंधू दिवसभर काय करीत, आजाऱ्यांचे काय होई, हे त्यांतून थोडेच कळते. कारण चरित्रकाराला संतांचा महिमा सांगायचा होता, आणि ते योग्यच होते. बाकीचे आपल्याला जमिनीला विचारावे लागते.

उत्तर आयर्लंडमधील स्ट्रँगफर्ड खाडीत नेंड्रम नावाचा जुना मठ आहे. तेथील किनाऱ्यावर संशोधकांना भरतीच्या पाण्यावर चालणारी पिठाची गिरणी सापडली. भरतीचे पाणी बांध घालून अडवायचे आणि ओहोटी लागली की ते सोडून चाक फिरवायचे, अशी तिची रचना. झाडाच्या खोडात दरवर्षी एक नवे वलय तयार होते. पोषक वर्षी ते रुंद होते, प्रतिकूल वर्षी अरुंद. गिरणीच्या ओक लाकडांतील वलये मोजून तिचे साल निघाले इ.स. ६१९. मठवासी म्हणजे केवळ गुडघे टेकून बसलेली माणसे, असे आपल्याला वाटते. हे बंधू भरती-ओहोटीचे गणित जाणणारे कष्टकरी होते.

दुसरा शोध अधिक नवलाचा आहे. जुलै २००६ मध्ये टिपेररी परगण्यातील फॅडन मोर येथील दलदलीत यंत्राने माती काढण्याचे काम चालू होते. चालकाला मातीत काहीतरी वेगळे दिसले आणि त्याने यंत्र थांबवले. जमिनीच्या मालकांनी ती वस्तू ओल्या मातीनेच झाकून ठेवली व संग्रहालयाला कळवले. ती स्तोत्रसंहिता होती, सुमारे इ.स. ८०० मधील! उघड्यावर वाळली असती, तर तिचा चुरा झाला असता. विद्वानांच्या आधी या लोकांच्या समंजसपणाने ग्रंथ वाचला, असे मला वाटते.

तिची पाने वासराच्या कातड्याची होती. दलदलीत कातडे बरेचसे विरघळले, पण शाईने कातडे टिकवून धरले. त्यामुळे काही ठिकाणी पान गेले आणि अक्षरे तेवढी सुटी उरली. एकेक तुकडा सोडवून वाळवण्यात काही वर्षे गेली. चामड्याच्या वेष्टनाच्या आत पपायरसचे अस्तर निघाले. पपायरस हे इजिप्तकडचे. म्हणजे त्या दूरच्या बेटाचा पूर्वेकडील देशांशी कसा ना कसा संबंध होता.

सुरुवातीला वाचता आलेले स्तोत्र ८३ वे, असे जाहीर झाले आणि गोंधळ उडाला. त्या वेळी लेबनॉनमध्ये युद्ध चालू होते. अनेकांनी आपले बायबल उघडले, तर त्यांच्या ८३ व्या स्तोत्रात इस्राएलचे शत्रू! शेवटी संग्रहालयाला खुलासा करावा लागला. जुन्या लॅटिन बायबलमध्ये बऱ्याच स्तोत्रांचे क्रमांक एकाने मागे असतात, म्हणून ते आपल्याकडचे ८४ वे. ज्या शब्दांवरून ते ओळखले गेले, ते ‘अश्रूंचे खोरे’ या अर्थाचे होते. पवित्र मरियेच्या आपल्या एका प्रार्थनेतही हे शब्द येतात. हा ग्रंथ २०११ मध्ये डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात दर्शनासाठी मांडण्यात आला.

मात्र ग्रंथ लिहिणारे थोडे, आणि ज्यांचे नावही उरले नाही असे भाविक अगणित. २००३ मध्ये डोनेगल परगण्यात रस्त्याच्या कामात बॅलिहॅना येथे मध्ययुगातील एक विसरलेली दफनभूमी सापडली. तेथे बाराशेहून अधिक लोकांचे अवशेष मिळाले. त्यांत लहान मुले पुष्कळ. हाडांवरून त्यांचे कष्ट व आजार कळतात. दोन पुरुषांना हाडांवर गाठी येण्याचा दुर्मिळ आनुवंशिक आजार होता. गाठींमुळे त्यांचे हातपाय वाकडे झाले होते आणि चालणेही अवघड झाले असणार. तरी दोघेही मोठे होईपर्यंत जगले. त्यांना कोणी सांभाळले, हे हाडे सांगत नाहीत. इतके मात्र दिसते, की त्यांना गावाबाहेर टाकले नव्हते. इतर भाविकांच्या शेजारीच, त्याच पवित्र भूमीत त्यांना पुरले होते.