वडाळ्याहून दोह्याला

आषाढी एकादशीला वडाळ्यात काय गर्दी होते, हे तुम्हांला सांगायला नको. विठ्ठल मंदिराची रांग पार रस्त्यावर येते. ज्यांना पंढरपूरला जाणे जमत नाही, ते वडाळ्याला येतात. कोणी लालबागहून येतो, कोणी परळहून. कोणी अनवाणी चालत येतो. ओढ असली म्हणजे माणूस लांबची वाट चालतो.

देवाची ओढ असते, तशी खेळाचीही असते. फुटबॉलच्या ओढीने आम्ही एकदा परदेशी गेलो. तो प्रवास आज सांगतो. नुसती गंमत म्हणून सांगत नाही. त्या प्रवासात अक्षराची किंमत आम्हांला नव्याने कळली, म्हणून सांगतो.

आम्ही कोण?

आम्ही वडाळ्याला रात्रीचा साक्षरता वर्ग चालवतो. वर्गात एक गृहस्थ येत. सगळे त्यांना मामा म्हणत. मामा मूळचे साताऱ्याकडचे. उभी हयात गोदीत गेली. जहाजावरून उतरणारे मोठमोठे कंटेनर त्यांनी हजारोंनी पाहिले. आकडे त्यांना येत. अक्षर मात्र येत नव्हते. साठी उलटल्यावर ते पाटी घेऊन वर्गाला आले.

मामांना फुटबॉलचा भारी नाद. तरुणपणी ते कूपरेजच्या मैदानावर सामने पाहायला जात. तिथे रोव्हर्स कपाचे सामने होत. ती स्पर्धा मुंबईत सन १८९१ मध्ये सुरू झाली होती. कलकत्त्याचे नामांकित संघ तिच्यासाठी मुंबईला येत. नेव्हिल डिसोझाचे नाव मामांनी वडिलांकडून ऐकले होते. हा मुंबईचा खेळाडू. सन १९५६ मध्ये मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यातले तीन गोल एकट्या नेव्हिलचे होते.

मामांचा भाचा कतार देशात नोकरीला होता. त्याने फोन केला, "मामा, इथं वर्ल्ड कप हाय. या की! ऱ्हायाची सोय माझ्याकडं."

मामा आम्हांला म्हणाले, "मास्तर, तुमी संगं चला. मला एकट्याला काय वाचता यायचं न्हाई."

आम्ही हो म्हटले.

कुठे जायचे?

फुटबॉलची जागतिक स्पर्धा दर चार वर्षांनी भरते. सन २०२२ ची स्पर्धा कतारमध्ये भरली. कतार हा अरबस्तानातला लहान देश. आपल्या पुणे जिल्ह्याहूनही लहान. दोहा ही त्याची राजधानी. मुंबईहून विमानाने साडेतीन-चार तास लागतात. तिथले घड्याळ आपल्या मागे अडीच तास चालते. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले, की तिथे सात.

स्पर्धा २० नोव्हेंबरला सुरू झाली आणि १८ डिसेंबरला संपली. ३२ देशांचे संघ आले. ६४ सामने झाले. मैदाने आठ होती. ती सगळी दोह्यात किंवा दोह्याच्या आसपास होती. इतर वेळी अशा स्पर्धेत एका गावाहून दुसऱ्या गावी आगगाडीने, विमानाने जावे लागते. इथे एकाच शहरात राहून सारी स्पर्धा पाहता येत होती.

कागद आणि पैसे

परदेशी जायला पासपोर्ट लागतो. आपल्या सरकारने परदेशासाठी दिलेले हे ओळखपत्र. त्यावर नाव, जन्मतारीख, फोटो असतो. नावाचे एक अक्षर चुकले, तरी अडचण होते. म्हणून हाती येताच तो नीट वाचून पाहावा.

त्या स्पर्धेसाठी आणखी एक परवाना लागे. त्याचे नाव हय्या कार्ड. 'हय्या' या अरबी शब्दाचा अर्थ 'चला'. हे कार्ड फोनवर मिळे. ते दाखवले की देशात प्रवेश मिळे. मैदानात जायलाही ते लागे. शिवाय सामन्याचे तिकीट वेगळे.

आता हिशेब पाहू. कतारचे नाणे रियाल. त्या वेळी एक रियाल म्हणजे सुमारे २२ रुपये. पहिल्या फेरीतल्या सामन्याचे परदेशी पाहुण्यांसाठी सर्वांत स्वस्त तिकीट २५० रियाल होते. २५० गुणिले २२ म्हणजे ५,५०० रुपये. दोघांचे झाले ११,०००. कतारमध्ये राहणाऱ्यांना तेच ४० रियालला मिळे, म्हणजे ८८० रुपयांना. मामांनी हा हिशेब स्वतः पाटीवर केला. मग म्हणाले, "मास्तर, एकच सामना बघू. पण ब्राझीलचा बघू."

९७४ कंटेनर

२८ नोव्हेंबरला ब्राझील आणि स्वित्झर्लंड यांचा सामना होता. मैदानाचे नाव 'स्टेडियम ९७४'. दोह्याच्या मेट्रोने आम्ही तिथे गेलो. हय्या कार्ड असणाऱ्यांना मेट्रो फुकट होती. गाडीला मोटरमन नाही, हे पाहून मामा चकित झाले.

स्टेशनाबाहेर येताच मामा थबकले. समोर लाल, निळे, पिवळे कंटेनर एकावर एक रचलेले!

"मास्तर, ह्ये तर आपल्या गोदीतलं हाय!"

खरेच होते. हे मैदान बंदराजवळ, जहाजावरच्या कंटेनरचा उपयोग करून उभारले होते. कंटेनर होते ९७४. आपल्या देशाला फोन करताना आधी ९१ लावतात. कतारला लावताना ९७४ लावतात. तोच आकडा त्यांनी निवडला. स्पर्धा संपल्यावर मैदान सोडवून हलवता यावे, अशी त्याची रचना होती.

आत चाळीस हजारांवर माणसे. ब्राझीलची पिवळी सदरे जिकडे तिकडे. ढोल वाजत होते. मध्येच ब्राझीलचा एक गोल पंचांनी रद्द केला. मामांनी कपाळावर हात मारला. अखेर ८३ व्या मिनिटाला कासेमिरोने गोल केला. ब्राझील १-० ने जिंकले. मामा शेजारच्या परक्या माणसाला मिठी मारून मोकळे झाले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. काही अडले नाही.

याच स्पर्धेत जपानच्या लोकांनी एक चांगली गोष्ट केली. सामना संपला की ते निळ्या पिशव्या काढत आणि मैदानातला कचरा उचलत. पाहुण्याने कसे वागावे, हे त्यांच्याकडून शिकावे.

दोन फाटे

सामना सुटल्यावर खरी परीक्षा झाली. गर्दीत भाच्याची आणि आमची चुकामूक झाली. आमचा फोन बंद पडला होता. भाच्याची खोली अल वक्रा या भागात होती. रस्त्यात उभे असलेले स्वयंसेवक ओरडून मेट्रोची वाट दाखवत होते. आम्ही स्टेशनावर पोहोचलो. मुशेरेब नावाच्या मोठ्या स्टेशनावर गाडी बदलली आणि लाल मार्गाच्या फलाटावर आलो.

हा लाल मार्ग पुढे फुटतो. एक फाटा अल वक्राला जातो, दुसरा विमानतळाला. अगदी आपल्या वडाळ्यासारखे. वडाळा रोडला हार्बरची लाइन फुटते. एक गाडी माहीम, वांद्र्याकडे जाते. दुसरी कुर्ला, पनवेलकडे. वर्गात येण्याआधी मामा एकदा माहीमला निघाले आणि चुनाभट्टीला उतरले होते.

दोह्याच्या पाट्या अरबी आणि इंग्रजी. मराठी कुठून असणार? अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात. आम्हांला तिचे अक्षर येत नाही. इंग्रजी येते, पण गर्दीचा रेटा होता, रात्र फार झाली होती. गाडी आली. आम्ही पाटी न पाहताच पाय उचलला.

मामांनी आमचा हात धरला. "थांबा मास्तर! ही आपली न्हवं."

त्यांच्या हातात त्यांची वही होती. सकाळी भाच्याने तिच्यात मराठीत 'अल वक्रा' असे लिहून दिले होते आणि शेजारी इंग्रजी अक्षरे काढली होती. मामा ती अक्षरे वरच्या पाटीशी एकेक करून जुळवत होते. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते. पण अक्षर ही खूण आहे आणि खूण नीट पाहायची असते, हे ते वर्गात शिकले होते. ती गाडी विमानतळाची होती. पुढची गाडी आमची.

चुकलो असतो, तरी परत येता आले असते. पण त्या रात्री मास्तर कोण आणि विद्यार्थी कोण, हे आम्ही मनाशी समजून घेतले.

भाच्याची गोष्ट

खोलीवर जेवताना भाच्याने आपली हकिकत सांगितली. तो सन २०१४ मध्ये कतारला आला. मुंबईतल्या एका दलालाने सांगितले, वायरमनची नोकरी आहे. करारावर अंगठा घेतला. इथे आल्यावर कळले, कागदावर 'हेल्पर' लिहिले होते. पगार अर्धा. पासपोर्ट मालकाने काढून घेतला. असे करणे तिथल्या कायद्यातही बसत नाही. पण ते त्याला कोण सांगणार?

कतारची मैदाने, रस्ते, मेट्रो बांधायला भारत, नेपाळ, बांगलादेश इथून लाखो मजूर गेले. उन्हात राबताना कित्येक आजारी पडले, काही दगावले. पुढे कायदे थोडे सुधारले. मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येईल, असे सन २०२० मध्ये ठरले. मार्च २०२१ पासून महिना १,००० रियाल किमान पगार ठरला. भाच्याने तोवर सोबत्यांकडून वाचायला शिकून घेतले होते. त्याने नवी नोकरी धरली. या वेळी करार आधी वाचला आणि मग सही केली.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मास्तर, तुमी इचारलं होतं, या वयात वर्गाला कशापायी आलो. त्या दलालाकडं ह्याला मीच घेऊन गेलतो. कागद माझ्या म्होरं होता. मला वाचता आला न्हाई."

भाचा म्हणाला, "मामा, झालं गेलं. भात घ्या."

१८ डिसेंबरला शेवटचा सामना झाला. तोवर आम्ही वडाळ्याला परतलो होतो. अर्जेंटिना आणि फ्रान्स ३-३ बरोबरीत राहिले आणि पेनल्टीवर अर्जेंटिना ४-२ ने जिंकले. चाळीतल्या टीव्हीवर खेळाडूंची नावे येत होती. मामा ती अडखळत का होईना, लावून वाचत होते. इंग्रजी अक्षरे त्यांनी परत येताच सुरू केली होती.

मंडळी, तुमच्या घरातले कोणी नोकरीसाठी परदेशी जाणार असेल, तर एवढे करा. दलाल सरकारच्या नोंदीत आहे का, ते पाहा. करार स्वतः वाचा किंवा जाणत्याकडून वाचून घ्या. काम कोणते, पगार किती, हे तीनदा पाहा. कराराची एक प्रत घरी ठेवा. न वाचता अंगठाही लावू नका आणि सहीही करू नका.

प्रश्न

१. कतार कुठे आहे? त्याची राजधानी कोणती?
२. स्टेडियम ९७४ ला ते नाव का पडले?
३. मामांनी गाडी कशी ओळखली?
४. तिकीट ४० रियालचे आणि एक रियाल २२ रुपयांचा, तर तीन तिकिटांचे किती रुपये होतील?
५. घरातला एखादा कागद घ्या. त्यावर कोणाचे नाव आहे, कोणती तारीख आहे, ते शोधून वहीत लिहा.